रात्रीचा राजवाडा, रात्रीचा चेहरा: रोलच्या कॅमेऱ्यानं अंधारात फोटो कसे काढावेत

इंदूरच्या सराफ्यात दागिन्यांच्या दुकानांची शटरं खाली येतात आणि त्याच ओट्यांपुढे कढया तापायला लागतात. त्या मधल्या अर्ध्या तासात मी माझ्या आत्याचा फोटो काढला. थंडीचे दिवस होते. ती गराडूच्या, म्हणजे तळलेल्या कंदाच्या, गाडीपाशी उभी होती, वरच्या बल्बचा उजेड डाव्या गालावर पडला होता आणि उजवी बाजू काळोखात गेली होती. आधी फोनवर काढून पाहिला, तर फोननं सगळंच उजळून टाकलं: मागची गर्दी, पाट्या, लोंबकळणाऱ्या वायरी. रोलवर मात्र तिचा गाल, कानातली कुडी आणि कढईवरची वाफ एवढंच उमटलं. बाकी सगळं काळं. मला हवं होतं ते नेमकं एवढंच.

रात्री फिल्मवर फोटो काढताना सगळ्यात आधी एकच गोष्ट ठरवायची असते: चौकटीतलं काय दिसलं पाहिजे आणि काय काळं राहिलं तरी चालेल. ते एकदा ठरलं की प्रकाश कुठला मोजायचा, शटर किती ठेवायचं, रोल कोणता भरायचा, हे प्रश्न पटापट सुटतात. बहुतेक रोल वाया जातात ते हे न ठरवता, सगळंच दिसावं म्हणून केलेल्या धडपडीत.

कॅमेरा आणि रोल

कॅमेरा महागडा नको. त्यात दोन गोष्टी असल्या की झालं: शटरच्या चकतीवर 'बी' हे अक्षर आणि तळाशी ट्रायपॉडचा आटा. 'बी'वर बटण दाबून धराल तितका वेळ शटर उघडं राहतं. माझ्याकडे पेन्टॅक्स के१००० आहे. त्याचं शटर पूर्ण यांत्रिक आहे. सेल फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला लागतो, त्यामुळे मिनिटभर शटर उघडं ठेवलं तरी सेल संपण्याची भीती नाही. इलेक्ट्रॉनिक शटरच्या कॅमेऱ्यांत लांबलचक एक्स्पोजर (फिल्मवर उजेड पडू देण्याचा वेळ) सेल खातात. तुमचा कॅमेरा तसा असेल तर खिशात जास्तीचे सेल हवेतच. जुन्या झेनिटसारख्या कॅमेऱ्यांत सेलेनियमचं मीटर असतं, ते रात्री काहीच सांगत नाही. फोनवरचं लाइट मीटर ॲप वापरा.

लेन्स ५० मिमीची, एफ/२ किंवा एफ/१.८ असली की पुरे. एफ हा लेन्सच्या भोकाचा, म्हणजे अ‍ॅपर्चरचा आकडा; तो जितका लहान तितकं भोक मोठं. सोबत ट्रायपॉड, केबल रिलीज (कॅमेऱ्याला हात न लावता बटण दाबायची वायर), छोटी बॅटरी म्हणजे टॉर्च, वही-पेन्सिल आणि पोस्टकार्डाएवढा काळा पुठ्ठा. हा पुठ्ठा विसरू नका, त्याचं काम पुढे येईल. लेन्सवर यूव्ही फिल्टर असेल तर रात्री काढून ठेवा, नाहीतर प्रत्येक दिव्याची फिकट भुतं आकाशात उमटतात.

सुरुवात कृष्णधवल रोलनं करावी असं माझं ठाम मत आहे. इलफर्ड एचपी५ प्लस किंवा कोडॅक ट्राय-एक्स, दोन्ही आयएसओ ४०० चे; आयएसओ म्हणजे फिल्मची उजेडाची संवेदनशीलता. ट्रायपॉडवर इमारती काढायच्या तर ४०० वरच ठेवा. हातात कॅमेरा धरून माणसं काढायची तर आयएसओची चकती १६०० वर न्या आणि रोल धुताना दोन स्टॉप 'पुश' करायला सांगा, म्हणजे लॅबवाला तो जास्त वेळ डेव्हलप करेल. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. पुश केल्यानं दाणा वाढतो, काळे-पांढरे तीव्र होतात; सराफ्यातल्या चेहऱ्यांना ते शोभतं. फक्त एक ध्यानात ठेवा: रोल अख्खा एकत्र धुतला जातो. निम्मा ४०० वर आणि निम्मा १६०० वर असं करता येत नाही. म्हणून घरून निघतानाच ठरवा, आज इमारती की माणसं.

इलफर्डची डेल्टा ३२०० आणखी वेगवान म्हणून विकली जाते. तिची खरी संवेदनशीलता १००० च्या आसपास आहे. ३२०० हा आकडा पुश करूनच गाठायचा असतो. चांगली फिल्म आहे, पण पहिल्या रोलला नको.

रंगीत काढायचं असेल तर आधी दिव्यांकडे बघा. शहरात आता पांढरे एलईडी जास्त दिसतात, तरी जुन्या गल्ल्यांत सोडियमचा पिवळा दिवा अजून भेटतो. नेहमीची रंगीत फिल्म दिवसाच्या उजेडासाठी केलेली असते, साध्या बल्बखाली ती नारिंगी झाक आणते. मला पणत्यांच्या फोटोत ती झाक आवडते, म्हणून मी कोडॅकची रंगीत पोर्ट्रा ४०० तशीच वापरते. झाक नको असेल तर सिनेस्टिल ८००टी वापरा. ती मुळात सिनेमाची फिल्म आहे, बल्बच्या उजेडाला जुळवलेली. मागचा काळा थर काढून टाकलेला असल्यामुळे तिच्यात दिव्यांभोवती लाल वलय येतं. निळा ८०ए फिल्टर लावणं हा आणखी एक मार्ग, पण तो दोन स्टॉप उजेड खातो आणि रात्री एवढा उजेड उधळणं परवडत नाही.

उजेड असतानाच करायची कामं

ज्या जागी रात्री जायचं, तिथे दुपारी किंवा संध्याकाळी एक फेरी मारा. ट्रायपॉड कुठे उभा राहील, समोर विजेची तार येते का, गाड्या कुठून वळतात, हे बघून ठेवा. रखवालदार असेल तर तेव्हाच त्याच्याशी दोन शब्द बोलून घ्या. मग घरी दिवा मालवून सराव करा: अंधारात अ‍ॅपर्चरची कडी चाचपून किती खटके फिरवली ते सांगता आलं पाहिजे.

रोल भरला की पहिली एक-दोन चित्रं दिवसाच्या लख्ख उजेडात काढा. काहीही काढा, गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे काढा, पण काढा. हे मी फार महागात शिकले. माझा पहिला रात्रीचा रोल लॅबमधून आला तेव्हा निगेटिव्हच्या पट्ट्या चित्रांच्या बरोबर मधून कापलेल्या होत्या. राजवाड्याचे वरचे मजले एका पट्टीत, दरवाजा दुसऱ्या पट्टीत. रात्रीच्या चित्राच्या कडा काळ्या, म्हणजे निगेटिव्हवर पारदर्शक; एक चित्र कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं ते कापणाऱ्याला दिसतच नाही. दिवसाचं एक चित्र सुरुवातीला असलं की त्याची कड धरून पुढची मापं घेता येतात. आता मी पाकिटावर ठळक लिहूनही देते: 'रात्रीचे फोटो आहेत, न कापता द्या.'

प्रकाश मोजणं

मीटरला वाटतं की समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे. काळ्याभोर आकाशाकडे रोखलं की ते बिचारं रात्रीचा दिवस करायला सांगतं, आणि चौकटीत एखादा उघडा बल्ब आला की घाबरून सगळं अंधारं करायला सांगतं. म्हणून दोन्ही टाळायचं. जे दिसायला हवं त्याच्या जवळ जा, चौकट त्यानंच भरा आणि तिथे मोजा. चेहरा असेल तर चेहऱ्याच्या उजळ बाजूवर. आपल्याकडचा गहूवर्णी चेहरा बहुतेक वेळा मध्यम करड्याच्या जवळपासच असतो, त्यामुळे आकडा तसाच वापरता येतो. चेहऱ्याशी जाता येत नसेल तर त्याच दिव्याखाली आपला तळहात धरून मोजा आणि एक स्टॉप जास्त द्या, कारण तळहात चेहऱ्यापेक्षा उजळ असतो.

अंधार फार असला की के१००० चा काटा हलत नाही. तेव्हा अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मोजायचं आणि मग स्टॉप मोजत यायचं. समजा एफ/२ वर १/८ सेकंद आलं. एफ/२ पासून २.८, ४, ५.६, ८ असे चार स्टॉप; दर स्टॉपला वेळ दुप्पट. १/८ चे १/४, १/२, १ आणि २. म्हणजे एफ/८ वर दोन सेकंद.

मीटर नसलं तरी अडत नाही. ४०० च्या फिल्मवर हे आकडे सुरुवातीला धरून चला: दिव्यांनी उजळलेली इमारत, एफ/८ आणि १ सेकंद. भरपूर दिव्यांचा बाजार, एफ/२ आणि १/६०. पौर्णिमेचा वर आलेला चंद्र, एफ/११ आणि १/५००. चंद्राचा आकडा पाहून लोक चक्रावतात, पण चंद्रावर ऊन पडलेलं असतं. तो दिवसाचाच फोटो. त्याच एक्स्पोजरवर खालचं शहर मात्र ठार काळं येणार. दोन्ही हवेत तर पौर्णिमेच्या संध्याकाळी, आकाशात निळा उजेड शिल्लक असताना, नुकता उगवलेला चंद्र गाठावा लागतो. आपल्याकडे तो संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांत संपतो.

शंका आली तर जास्त उजेड द्या. निगेटिव्ह फिल्म थोडा जास्त उजेड सांभाळून घेते. कमी पडला तर सावल्यांत काही उरतच नाही, मग कोणतीही लॅब ते परत आणू शकत नाही.

राजवाडा, एकेक पायरी

पहिल्या प्रयत्नाला राजवाड्यासारखी जागा नाही. सात मजली दर्शनी भाग, खाली दगड, वर लाकूड. १९८४ च्या आगीत मागचा मोठा भाग गेला, पण हा दर्शनी भाग वाचला आणि आज दिव्यांत तो मजल्यामजल्यानं वर चढत गेलेला दिसतो.

सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी पोचा. आकाश पूर्ण काळं होण्याआधी, गडद निळं असतानाच इमारतीची कड आकाशापासून वेगळी दिसते. कृष्णधवल रोलवरसुद्धा हा फरक कळतो.

ट्रायपॉडचे पाय पूर्ण पसरा, मधला दांडा वर काढू नका. बॅग दांड्याच्या हुकाला लटकवा म्हणजे वजन खाली येईल. कॅमेरा फार वर वळवलात तर मजले मागे कलंडलेले दिसतात. शक्य तितकं मागे सरून कॅमेरा सरळ धरा आणि खाली चौकातली वर्दळ येऊ द्या.

फोकस अंधुक भिंतीवर जुळत नाही. झरोक्याची उजळलेली कड किंवा एखादा दिवा शोधा आणि कॅमेऱ्यात मधलं वर्तुळ दुभंगलेलं असेल तर त्यात त्याचे दोन तुकडे जुळवा. अगदीच दिसेना तर अंतराच्या आकड्यांवर भरवसा ठेवा: ५० मिमी लेन्स एफ/८ वर साधारण दहा मीटरवर लावली की पाच मीटरच्या पलीकडचं सगळं नीट येतं.

आता पुठ्ठा. के१००० मध्ये आरसा आधी वर उचलून ठेवायची सोय नाही. आरसा उसळला की कॅमेरा हलतो आणि एक-दोन सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये ते थरथरणं दिसतं. म्हणून शटर 'बी'वर ठेवा, पुठ्ठा लेन्सपुढे धरा (लेन्सला लावू नका), केबल रिलीज दाबून अडकवा, दोन सेकंद थांबा. मग पुठ्ठा बाजूला घ्या, मोजा, पुठ्ठा परत पुढे आणा आणि शटर सोडा. मधेच एखादी मोटार थेट तोंडावर दिवे टाकत आली तर तेवढ्यापुरता पुठ्ठा आड धरा. गेली की पुन्हा काढा, मोजणी जिथे थांबली तिथून पुढे. दिव्यांच्या रेघा हव्या असतील तर गाड्या आडव्या जात असताना पुठ्ठा काढा. आठ-दहा सेकंद मिळाले की रस्त्यावर पांढऱ्या-तांबड्या धारा उमटतात.

दर जागेची तीन चित्रं घ्या: एक सेकंद, दोन सेकंद, चार सेकंद. छत्तीस चित्रांच्या रोलमध्ये हे उधळपट्टीचं वाटेल. तरी पहिले दोन रोल असेच घाला.

मात्र एक सेकंदाच्या पुढे गेलं की फिल्म आळसावते. उजेड मंद आणि वेळ लांब झाला की ती त्या प्रमाणात उजेड टिपत नाही, म्हणून मीटरनं सांगितलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो. एचपी५ साठी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर इलफर्डच्या सूत्रानं काढलेले आकडे आहेत: २ सेकंदांचे अडीच, ४ चे ६, ८ चे १५, १५ चे ३५, ३० चे ८६. आठ सेकंदांच्या पुढे वेळ जवळजवळ दुप्पट होते आणि मग तिच्याही पुढे पळते. खान नदीच्या काठच्या कृष्णपुरा छत्र्या (होळकरांची स्मारकं) मी पहिल्यांदा काढल्या तेव्हा मीटरनं १५ सेकंद सांगितले, मी १५च दिले आणि शिखरांच्या जागी नुसती कड आली. पुढच्या खेपेला ३५ दिले, तेव्हा दगडातलं नक्षीकाम दिसलं. तासन्‌तास असंच काम करायचं असेल तर फुजीची अ‍ॅक्रॉस १०० टू शोधा; ती दोन मिनिटांपर्यंत अशी दुरुस्ती मागत नाही.

१९०४ मध्ये बांधलेल्या गांधी हॉलचा घड्याळाचा मनोरा असाच घ्यावा. तिथे अ‍ॅपर्चर एफ/११ किंवा एफ/१६ करून पाहा, दिव्यांना टोकदार किरणं फुटतात. पावसाळ्यात गेलात तर आणखी उत्तम. ओला रस्ता खालून दुसरा उजेड देतो. फक्त गार गाडीतून उतरल्या उतरल्या लेन्सवर दव धरतं. पुसत बसू नका, दहा मिनिटं कॅमेरा बाहेरच्या हवेत राहू द्या.

चेहरे

लाला दीनदयाळ १८६६ मध्ये इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला लागले आणि १८७४ च्या सुमारास त्यांनी इथेच कॅमेरा हाती धरला. त्या काळी काचेच्या प्लेटा इतक्या मंद असत की स्टुडिओत माणसाच्या मानेमागे टेकू लावून त्याला स्थिर बसवत. रात्रीच्या पोर्ट्रेटला आजही तीच युक्ती लागते. माणसाला मोकळं उभं करू नका. भिंतीला पाठ, खांबाला खांदा किंवा टेबलावर कोपर टेकवा. श्वास सोडायला सांगा, आणि सुटलेल्या श्वासानंतरच्या थांब्यात बटण दाबा. असा टेकलेला माणूस १/१५ सेकंदावरही नीट येतो.

आधी उजेड शोधा, मग माणसाला तिथे बोलवा. डोक्यावर थेट असलेला दिवा डोळ्यांच्या खाचा काळ्या करतो. माणसाला दिव्यापासून दोन पावलं मागे घ्या आणि हनुवटी किंचित वर करायला सांगा, डोळ्यांत ठिपका आला की तीच जागा. दुकानाची काच, मिठाईचं शोकेस, पानाच्या ठेल्याची ट्यूबलाइट, हे बाजूनं येणारे मऊ उजेड. सराफ्यात १६०० वर एफ/२.८ आणि १/६० हा माझा सुरुवातीचा आकडा आहे. फोकस जवळच्या डोळ्यावर. दिसत नसेल तर समोरच्याला फोनची बॅटरी गालाशी धरायला सांगा, तिच्यावर फोकस जुळवा, बॅटरी बंद, मग फोटो.

गाडीवाल्याचा फोटो घ्यायचा तर आधी काही घेऊन खा, मग "भिया, एक फोटो ले लूँ?" म्हणा. गिऱ्हाइकांची रांग असताना विचारू नका. आणि रात्री उशिरा कॅमेरा घेऊन फिरताना कुणाला तरी सोबत न्या. मी धाकट्या भावाला नेते, तोच पुठ्ठाही धरतो.

फ्लॅश वापरायचाच असेल तर तो कमी करा आणि शटर हळू ठेवा. गाईड नंबर म्हणजे फ्लॅशची ताकद सांगणारा आकडा. आयएसओ १०० ला गाईड नंबर २८ असलेल्या फ्लॅशचा ४०० च्या फिल्मवर ५६ होतो. शक्ती १/१६ केली की १४ उरतात, त्याला अडीच मीटर अंतरानं भागलं की एफ/५.६ मिळतं. आता शटर १/६० ऐवजी १/८ ठेवा. फ्लॅश चेहरा गोठवतो आणि उरलेल्या वेळात मागचे दिवे उमटतात. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या (दिव्यांनी सजवलेले फिरते देखावे) निघतात, तेव्हा आखाड्यातल्या पोरांचे फोटो मी असेच काढते: पोर स्पष्ट, हातातल्या काठीची रेघ, मागे झांकीचे बल्ब वाहत गेलेले. झांकी स्वतः मात्र बिनफ्लॅशची काढा, ती थांबते त्या क्षणाला.

पणत्यांपुढचं पोर्ट्रेट सगळ्यात सोपं आणि सगळ्यात सुंदर. चार-पाच पणत्या एकत्र, चेहऱ्यापासून दीड फुटावर, डोळ्यांच्या पातळीच्या थोड्या खाली. घरातला बाकीचा उजेड बंद. १६०० वर एफ/२ आणि १/३०, कोपर टेबलावर टेकून. एफ/२ वर नाकाचं टोक आणि डोळा एकाच वेळी स्पष्ट येत नाहीत, म्हणून फोकस केल्यावर कुणीच हलायचं नाही.

वही आणि लॅब

प्रत्येक चित्र काढल्यावर लगेच लिहा: क्रमांक, जागा, अ‍ॅपर्चर, वेळ, कुठे मोजलं. घरी जाऊन आठवत नाही. रोल संपला की डबीवर आणि रोलवर दोन्हीकडे मार्करनं '१६०० वर काढला, पुश +२' लिहा.

घरी धुणार असाल तर उन्हाळ्यात पाण्याचं तापमान सांभाळा. मे महिन्यात टाकीतलं पाणी तीस अंशांच्या वर असतं आणि कोष्टकातले वेळ २० अंशांचे असतात. बर्फाच्या पाण्याच्या तसराळ्यात रसायनांच्या बाटल्या उभ्या करून मी ते खाली आणते. एचपी५ १६०० वर असेल तर न पातळ केलेल्या आयडी-११ डेव्हलपरमध्ये २० अंशांना १४ मिनिटं लागतात.

स्कॅन करून घेताना सांगा की काळं काळंच ठेवा. स्कॅनरही मीटरसारखाच वागतो, काळोख दिसला की उजळायला बघतो, आणि मग सावल्यांत नुसता राखाडी दाणा दिसतो. पहिला स्कॅन तसा आला तर रोल वाईट निघाला असं समजू नका, निगेटिव्ह खिडकीपाशी धरून बघा. चेहऱ्याच्या जागी घट्ट काळेपणा आणि त्यात बारकावे दिसत असतील तर चित्र शाबूत आहे, पुन्हा स्कॅन करून घ्या.

आणि ज्याचा फोटो काढला त्याला एक प्रिंट नेऊन द्या, चार बाय सहाची पुरते. आत्यानं तिची प्रिंट चष्मा लावून, दिव्याखाली धरून बराच वेळ पाहिली. मग म्हणाली, "अगं, पण साडी कोणती नेसले होते मी, कळतच नाही." हिरवी होती, इरकली. या थंडीत पोर्ट्रा भरून तिला पुन्हा त्याच गाडीपाशी उभी करायची आहे.